संकल्प सोडताना

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळची सुट्टी लागली की पुणं सोडायचं आणि निफाड तालुक्यातलं आमचं गाव गाठायचं, हे आता ठरूनच गेलंय. गाडीतून उतरल्या उतरल्या लेकीनं तोंडातून वाफ काढून दाखवली. थंडीच्या बातम्यांत दरवर्षी निफाडचा आकडा असतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजलेला. लहानपणी आम्हाला त्याचा केवढा अभिमान होता! दुसऱ्या गावांना किल्ले, लेण्या, आम्हाला पारा.

रात्री फडताळात पांघरूण शोधताना माझीच डायरी हाती लागली. २०२५ची. पहिल्या पानावर सात संकल्प, अक्षर अगदी परीक्षेतल्या पहिल्या पानासारखं. पहाटे साडेपाचला उठणे. साखर बंद. रोज दहा हजार पावलं. महिन्याला दोन पुस्तकं. बाहेरचं खाणं महिन्यातून एकदाच. रात्री नऊनंतर मोबाइल नाही. सातवा, खाली जागा उरली म्हणून लिहिलेला: भाकरी शिकणे.

१२ जानेवारीपर्यंत माझ्या नोंदी आहेत. मग गेल्या संक्रांतीला डायरी इथंच राहिली असणार, कारण १५ जानेवारीपासून अक्षर बदलतं. अण्णांचं. कोरा कागद वाया गेलेला त्यांना बघवत नाही.

‘पहाटे ४ ला शेकोट्या. खालच्या तुकड्यात मणी तडकले, थोडे.’
‘मजूर ६. डिझेल आणले.’
‘थंडी कमी. पाणी दिले.’

आणि असं वर्षभर. एकही दिवस रिकामा नाही. माझे सात संकल्प त्यांनी वाचले असणार, पण तसं काही बोलले नाहीत. फक्त त्याच पानाच्या समासात पेन्सिलीनं दुधाचा हिशेब केलाय.

२७ डिसेंबर, शनिवार

पहाटे साडेचारला अंगणात बॅटरीचा उजेड हलला. अण्णा द्राक्षबागेत निघाले होते, मीही गेलो. पाणी उतरायला लागलेल्या मण्याला असली थंडी बाधते. साल ताणते, मणी तडकतो, वर्षाची मेहनत गेली. म्हणून ओळींच्या कडेनं भुसा, काटक्या पेटवून धूर धरायचा आणि ठिबक सुरू करायचं. बोअरचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं, तेवढीच मुळांशी ऊब. साडेपाचला उठण्याचा संकल्प वर्ष संपता संपता एकदा तरी पुरा झाला, तासभर आधीच.

परत आलो तर मागच्या चुलीवर आईची भाकरी चाललेली. म्हटलं, आज मी. पुण्याहून बाजरीच्या पिठाची पिशवी आणली होती, छान वेष्टनातली. आईनं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. “कडू झालंय. केव्हाचं दळलेलं हे?” बाजरीच्या दाण्यात तेल जास्त, दळल्यावर फार दिवस टिकत नाही. हे मला माहीत होतं, म्हणजे वाचलेलं होतं. आईनं पिशवी बाजूला सारली आणि डब्यातलं परवाचं दळण काठवटीत घेतलं.

पहिली गोष्ट, पाणी ऊन हवं. बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे जे काय व्हायचं ते गरम पाण्यानं आणि हाताच्या जोरानं. तळहाताच्या मनगटाकडच्या गादीनं पीठ पुढं रगडायचं, गोळा करायचं, पुन्हा रगडायचं. एका वेळी एकाच भाकरीपुरतं. मी चार भाकरींचं एकदम मळायला घेतलं, तर आई म्हणाली, “ऑफिस नाही हे.”

थापताना कडेला चिरा पडत होत्या. “विरी येईना त्याला. अजून मळ.” तिसरी कशीबशी गोल झाली. उचलताना हात कापला, अर्धी तव्यात, अर्धी वैलावर. पिठाची बाजू वर ठेवून तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा असतो, मी तीच बाजू खाली टाकली. आई काही बोलली नाही. फुंकणीनं जाळ सारखा केला आणि म्हणाली, “कुत्र्याला आवडतात जाड.”

नऊ केल्या. आईच्या मते दोन खाण्यासारख्या. त्या आम्ही वांग्याचं भरीत, लसणाच्या पातीचा ठेचा आणि लोण्याबरोबर खाल्ल्या. साखर बंदचा संकल्प मी दुपारी डिंकाच्या दुसऱ्या लाडवाला मोडला. त्यात साखर नसते, गूळ असतो, असं लेकीनं वकिली पद्धतीनं सांगितलं. खटला मी जिंकलो असं धरलंय.

३१ डिसेंबर, बुधवार

सकाळी नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी-कादवाचं पाणी अडवलं त्याच्या मागं ही सगळी पाणथळ झाली. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र म्हणून २०२० मध्ये बोर्ड लागले, पण आमच्यासाठी ते कायम धरणावरची बदकंच. चक्रवाक, थापट्या, आणि काळे वारकरी तर शेकड्यांनी. लेकीनं दुर्बीण घेतली ती सोडेना. हजारो मैल उडून ही मंडळी इथं येतात आणि आम्ही थंडी जास्त म्हणून बारा वाजेपर्यंत आंघोळ टाळतो.

रात्री पुण्यातल्या मित्रांचे फोटो येत होते, दिवे, टोप्या, बर्फात ठेवलेल्या बाटल्या. आमच्याकडे हुलग्याचे शेंगोळे. कुळथाला आमच्याकडे हुलगे म्हणतात. कोकणातलं कुळथाचं पिठलं मला आवडतं, पण थंडीला खरा उतारा शेंगोळेच, यावर मी वाद घालणार नाही.

हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं, त्यात लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, हळद, मीठ, कोथिंबीर. पीठ घट्ट. मग हाताला तेल लावून पाटावर पिठाची वळी ओढायची, करंगळीएवढी, आणि टोकं जोडून कडं करायचं. आम्ही सगळे पाटाभोवती बसलो. आईची कडी एका मापाची. बायकोची जरा नाजूक. लेकीनं इंग्रजीचा आठचा आकडा केला आणि तोही शिजला. अण्णा शेवटी आले, दोनच वळले, पण सुबक.

यात एकच जागा चुकायची असते. भरपूर लसणाची फोडणी, त्यात पाणी, आणि त्या पाण्याला खळाळून उकळी आल्याशिवाय शेंगोळा आत टाकायचा नाही. घाई केली की कडी विरघळतात आणि पिठलं होतं. एकेक सोडायचा, लगेच डाव घालायचा नाही. शेवटी परातीला लागलेलं पीठ पाण्यात कालवून ओतायचं, त्यानं रस्सा दाट होतो. वीस मिनिटं मंद आचेवर. झाकण काढलं की लसणाची वाफ चष्म्यावर.

खोल ताटल्या, वर कच्चं तेल, कांदा बुक्कीनं फोडलेला. साडेनऊला सगळे पांघरुणात. नवं वर्ष कधी आलं कळलंही नाही. मोबाइल नऊनंतर बंदचाही संकल्प झाला म्हणायचा, चार्जर सापडला नाही म्हणून.

१ जानेवारी, गुरुवार

उरलेले शेंगोळे सकाळी गरम करून खाल्ले. आदल्या रात्रीपेक्षा चांगले. नव्या डायरीचं पहिलं पान कोरंच आहे.

३ जानेवारी, शनिवार

शाकंभरी पौर्णिमा. घरी सत्यनारायण. आईनं भाज्यांचा नैवेद्य मांडला होता. पावटा, सोलाणे, गाजर, मेथी, वांगी, घेवडा, शेपू... या दिवसांत बाजारात टोपली भरायला वेळ लागत नाही, त्यामुळे या देवीची पौर्णिमा पौषात का येते ते वेगळं सांगायला नको.

गुरुजींनी माझ्या तळहातावर पळीभर पाणी दिलं आणि संकल्प सांगायला लागले. इतकी वर्षं मी हे नुसतं ऐकत आलोय. आज नीट कान दिला. भरतवर्षे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः उत्तरे तीरे, विश्वावसुनाम संवत्सरे, हेमंत ऋतौ, पौष मासे, शुक्ल पक्षे. मग गोत्र, नाव. कोणत्या नदीच्या कोणत्या काठाला बसलोय, कोणता महिना, कोणता पंधरवडा, सगळा पत्ता आधी. आणि एवढा पत्ता देऊन करायचं काय? आजची पूजा. बस. वर्षभराचं काहीच नाही. माझ्या सात संकल्पांत ना नदी होती ना तीर. साडेपाचला उठणार कुठं, कोणत्या ऋतूत, कोणाच्या घरी, काही नाही.

“आता उदक सोडा,” गुरुजी म्हणाले. सोडलं. आपल्याकडे संकल्प करतात त्याला ‘संकल्प सोडणे’ म्हणतात, आणि मी इतकी वर्षं तो अक्षरशः सोडत आलो. हे मी बायकोच्या कानात सांगितलं, तर तिनं कोपरानं ढोसलं, पोथी सुरू झाली होती.

रात्री नव्या डायरीत पहिलं पान लिहिलं: ‘पुणे, मुठेकाठी. बाजरी दर पंधरवड्याला दोन किलो, गिरणीत समोर उभं राहून दळून. शनिवारी भाकरी, मी.’ खाली जागा उरली, राहू दिली.

१३ जानेवारी, मंगळवार, पुणे

भोगी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणत आई लहानपणी पानात नको ती भाजी वाढायची. आज मी सुट्टी टाकली. कोपऱ्यावरच्या गिरणीत बाजरी दळली, पीठ पिशवीत असूनही हाताला गरम लागत होतं. बायकोनं वांगं, पावटा, सोलाणे, गाजर, बोरं घालून भोगीची भाजी केली, तिळकूट पेरलं. मी भाकरीला.

आठ केल्या, वर तीळ लावून. पहिल्या दोन चिरल्या. चौथी तव्यावर चक्क टम्म फुगली. लेक ओरडली, “बाबा, थांबा, फोटो!” तोवर ती बसली.

आईला व्हिडिओ कॉल लावला. तिनं ताट बघितलं, भाकरी बघितली. “कडेला जाड आहे.” मग जरा थांबून, “पदर सुटलाय पण.”

मागून अण्णांचा आवाज आला, “त्याला म्हणावं, यंदाची डायरी कधी विसरून जातोय?”