डॉब्सोनियनला कॅमेरा जोडताना

पेठ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी गणित-विज्ञान शिकवते, राहते नाशिकला. वर्षातून दोन-तीनदा माझी 8 इंची डॉब्सोनियन दुर्बीण गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घालून सावळ घाटातून शाळेच्या मैदानावर नेते. मुलं रांग लावतात. एकेक जण स्टुलावर चढतं, आयपीसला डोळा लावतं आणि म्हणतं, "दिसलं मॅडम." मग पुढचा नंबर.

एकदा सहावीतल्या एकाला मी विचारलं, "काय दिसलं रे?" तो म्हणाला, "गोल." दुर्बीण त्या वेळी मृगातल्या तेजोमेघावर होती आणि त्यात गोल असं काही नाही. त्याला दिसली होती ती आयपीसची कड. त्या रात्री मी प्रत्येकाला विचारत गेले. कुणी भलताच डोळा मिटला होता, कुणाचा हात लागून नळी हलली होती, कुणाला धुरकट काहीतरी दिसलं होतं, पण ते पाहायचं तेच का हे कळलं नव्हतं. मागे चाळीस जण उभे असताना "नाही दिसलं" म्हणायला मूल कचरतं. घरी परतताना घाटभर तेच डोक्यात होतं. आपण इतकी वर्षं आकाश दाखवतोय, पण यांनी पाहिलंय का?

म्हणून कॅमेरा. दुर्बिणीत आयपीसच्या जागी छोटा कॅमेरा बसवायचा, तो लॅपटॉपला जोडायचा आणि जे दिसतंय ते तिथल्या तिथे सगळ्यांनी मिळून पडद्यावर बघायचं. याला व्हिडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमी म्हणतात. खगोलछायाचित्रणवाले रात्रभर प्रकाश गोळा करतात आणि दुसऱ्या दिवशी बसून चित्र घडवतात. इथे सगळा मामला अर्ध्या मिनिटाचा, फार तर पाच मिनिटांचा. चित्र ओबडधोबड येतं, पण ते आत्ताचं असतं.

ज्यांना विचारलं त्यांनी एकच सल्ला दिला: डॉब्सोनियन यासाठी घेऊच नको, मोटर लावलेला माउंट (दुर्बिणीचा आधार) घे. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. डॉब्सोनियन म्हणजे लाकडी खोक्यात बसवलेली न्यूटोनियन, म्हणजे आरशाची, दुर्बीण, वर-खाली आणि डावी-उजवी हाताने ढकलायची. तारे पृथ्वीच्या फिरण्यामुळे सरकत राहतात, ही बिचारी जागच्या जागी. पण मला दुसरी दुर्बीण घेणं शक्य नव्हतं, आणि ही सोडवतही नव्हती. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होते. जहाजाच्या खिडकीची काच, पुठ्ठ्याची नळी असल्या वस्तूंतून ते दुर्बिणी बनवायचे आणि फुटपाथवर उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला चंद्र दाखवायचे. 1968 साली त्यातूनच 'साइडवॉक अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स' हा गट उभा राहिला. लोकांना दाखवण्यासाठीच जन्मलेली ही दुर्बीण आहे, मग पडद्यावर दाखवायला तीच का नको?

दिवाळीचा धूर ओसरल्यावर गंगापूर रोडच्या आमच्या गच्चीवर पहिला प्रयोग केला. कॅमेरा झेडडब्ल्यूओचा एएसआय 224, रंगीत. त्याचा सेन्सर जेमतेम 5 मिलिमीटर रुंद. माझ्या दुर्बिणीचं नाभीय अंतर, म्हणजे मुख्य आरशापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतचं अंतर, 1200 मिलिमीटर. गणित मांडलं तर आकाशाचा जो तुकडा दिसतो तो 14 कला रुंद (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. एका पिक्सेलवर पाऊण विकलाही (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) येत नाही. आणि आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला 15 विकला सरकतो. एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं, तर पडद्यावर प्रत्येक तारा 23 पिक्सेल लांबीची रेघ झालेला. मिनिटभरात तेजोमेघ एका कडेने आत आला आणि दुसऱ्या कडेने निघून गेला.

मग एक्स्पोजर सेकंदाच्या दहाव्या भागावर आणलं आणि शार्पकॅप या संगणक-प्रोग्रॅममधलं लाइव्ह स्टॅकिंग सुरू केलं. ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे. संगणक प्रत्येक फ्रेममधले तारे ओळखतो, आधीच्या फ्रेमवर ते नेमके बसतील अशी नवी फ्रेम सरकवतो आणि मग सरासरी काढतो. खरा प्रकाश प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो, कॅमेऱ्याचा खरखराट दर वेळी वेगळ्या जागी. म्हणून फ्रेमा वाढतात तसा खरखराट विरत जातो आणि तेजोमेघ वर येतो. शहराच्या उजेडाचा जो सरसकट पांढरा थर असतो, तो हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) काळी रेघ सरकवून खाली दाबता येतो. नाशिकच्या गच्चीवरून आयपीसमध्ये मला कधीच न दिसलेला गुलाबी रंग त्या रात्री दिसला. तो हायड्रोजनचा, 656 नॅनोमीटरचा लाल प्रकाश. अंधारात आपल्या डोळ्याला तो जवळपास कळतच नाही, कॅमेऱ्याला कळतो.

पण मृगातला तेजोमेघ ठळक आहे म्हणून हे जमलं. त्याहून अंधूक काही लावलं की दहाव्या भागाच्या फ्रेममध्ये संगणकाला ओळखण्याइतके तारेच सापडत नाहीत आणि स्टॅक अडून बसतो. रस्ते दोन होते: नाभीय अंतर कमी करायचं, किंवा दुर्बिणीला ताऱ्यामागे चालायला लावायचं. मी दोन्ही केले.

पहिला सोपा वाटला. कॅमेऱ्याच्या तोंडाला 0.5 चा रिड्यूसर, म्हणजे नाभीय अंतर निम्मं करणारं भिंग, लावला की दृश्य दुप्पट रुंद आणि प्रत्येक पिक्सेलवर प्रकाश चौपट. लावला, आणि फोकसच होईना. फोकसर (आयपीस धरणारी सरकती नळी) पूर्ण आत दाबला तरी तारा हरभऱ्याच्या दाण्याएवढा फुगलेलाच. आठवडाभर मला रिड्यूसरच खराब वाटत होता. खरं कारण असं की रिड्यूसर लावल्यावर फोकसची जागा नळीच्या दिशेने आत सरकते, आणि डॉब्सोनियन मुळात आयपीससाठी बेतलेली असल्याने तितकी जागा तिच्यात नसते. उपाय म्हणजे मुख्य आरसाच वर उचलायचा. रविवार कारंज्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आरशाच्या मागचे तीन बोल्ट 2 सेंटिमीटर जास्त लांबीचे घेतले, सोबत ताठ स्प्रिंगा. आरसा पहिल्यांदा बाहेर काढताना हात थरथरत होते. नवऱ्याला म्हटलं, "तू फक्त टॉर्च धर, बोलू नकोस." परत बसवून, कॉलिमेशन करून (आरसे एका रेषेत जुळवून) रात्री बघते तर तारा टाचणीच्या टोकाएवढा. आता आयपीस लावायचा असेल तर मध्ये एक्स्टेंशनची नळी घालावी लागते, एवढाच फरक पडला.

दुसरा रस्ता लांबचा निघाला. डॉब्सोनियन ज्यावर उभी राहते असा एक हलता पाट बनवायचा. त्याला विषुववृत्तीय प्लॅटफॉर्म म्हणतात. पाट एका कललेल्या अक्षाभोवती पृथ्वीच्या उलट्या दिशेने अगदी सावकाश झुलतो, तासभर ताऱ्यामागे जातो, मग हाताने मागे आणायचा. अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखलेला हवा आणि दुर्बिणीच्या गुरुत्वमध्यातून जायला हवा. युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी दिलेले आराखडे पाहिले, त्यात दक्षिणेकडे एकच खुंटी आणि उत्तरेकडे एक गोलाकार फळी. 50 अंश अक्षांशावर हे जमतं, कारण तिथे अक्ष चांगलाच उभा असतो. नाशिक 20 अंशांवर आहे. माझ्या दुर्बिणीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे 45 सेंटिमीटर उंच. तिथून 20 अंशांनी उतरणारी रेघ जमिनीला टेकते ती सव्वा मीटर दक्षिणेला! खुंटी तिथे ठोकायची तर पाट पलंगाएवढा करावा लागला असता. (हे आठवीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवलं. त्रिकोणमिती त्यांना अजून नव्हती, म्हणून कोनमापक आणि पट्टीने मोजून घेतलं. कुणीही कंटाळलं नाही.) म्हणून आपल्याकडे दोन्ही बाजूंना गोलाकार फळ्या लागतात, उत्तरेची मोठ्या त्रिज्येची, दक्षिणेची लहान. माझी उत्तरेची 45 सेंटिमीटर आली, दक्षिणेची 35.

आमच्या ओळखीच्या सुतारमामांनी 18 एमएमच्या प्लायमधून त्या कापून दिल्या. त्यांना आधी पटेना. "ताई, ही फळी तिरपी का लावायची? गुण्यात लावू की." मी त्यांना सहज रात्री घरी बोलावलं आणि ध्रुवतारा दाखवला, क्षितिजापासून दोन वितींच्या आत. त्याच्याकडे हात रोखून ते बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही फळ्या 20 अंशांत इतक्या नेमक्या बसवल्या की मला पाचर घालावी लागली नाही. कडेला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, खाली स्केटिंगची बेअरिंगं आणि सातपूरच्या एका लेथवर कातून घेतलेला 25 मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा रोलर.

रोलर फिरवायला स्टेपर मोटर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी, थेट जोडलेली. पहिल्या रात्री पडद्यावर तारे आले ते विचित्रच. लांब रेघ नाही, ठिपकाही नाही, प्रत्येक तारा एक आखूड काडी झालेला. मोटर फिरतेय, वेगही बरोबर, मग हे काय? वहीत गणित मांडलं तेव्हा उलगडलं. तारा एक फेरी 86,164 सेकंदांत पूर्ण करतो. फळी आणि रोलरचं गुणोत्तर 36, म्हणजे रोलरला 40 मिनिटांत एक फेरी. मोटर एका फेरीत 3,200 सूक्ष्म पावलं टाकते. भागाकार केला तर एक पाऊल 11 विकलांचं आणि दोन पावलांमध्ये पाऊण सेकंद! मोटर ताऱ्यामागे चालतच नव्हती. ती उभी राहायची आणि उडी मारायची, उभी राहायची आणि उडी मारायची. मध्ये 1:50 चा गिअरबॉक्स घातला. आता सेकंदाला सुमारे 67 पावलं, प्रत्येक पाऊल पाव विकलेहूनही लहान. तारे शांत झाले. 4 सेकंदांच्या फ्रेमा सहज मिळू लागल्या, ध्रुव नीट साधला तर 8 सेकंदांच्याही.

बाकी किरकोळ. यूएसबीची केबल लोंबकळली की तिच्या ओझ्याने नळी खाली झुकते, म्हणून ती वेल्क्रोने नळीच्या मध्याजवळ बांधायची. संध्याकाळी उजेड असतानाच दूरच्या टॉवरचा लाल दिवा कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यात आणून फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) जुळवून घ्यायचा, नाहीतर इतक्या लहान दृश्यात काही सापडत नाही. लॅपटॉपला दवापासून वाचवायला पुठ्ठ्याचं खोकं, आडवं. मोटरला स्कूटरची जुनी बॅटरी पुरते.

गुढीपाडव्याच्या आधीच्या शनिवारी सगळं शाळेत नेलं. अमावास्या जवळ, हवा कोरडी, पेठच्या बाजूला आकाश अजून काळं असतं. मुलं सतरंज्यांवर बसली, काहींचे आजी-आजोबाही आले. लॅपटॉपला शाळेचा टीव्ही जोडला. अंधारात इतका मोठा पडदा लावणं मला स्वतःला खटकतं, डोळे दिपतात. पण त्या रात्रीपुरतं चालवून घेतलं.

आधी सप्तर्षींतल्या मरीचीजवळची एम 51 ही दीर्घिका लावायची इच्छा होती, पण ती पुरेशी वर यायला दहा वाजतात. म्हणून पश्चिमेला कलता मृग घेतला. पहिल्या फ्रेमला टीव्हीवर करडा डाग. चौथ्या-पाचव्याला पंख फुटले. विसाव्याला गुलाबी कडा, आणि मध्यभागी चार ताऱ्यांचा पुंजका. कुणी बोलत नव्हतं. मग पाचवीतली एक मुलगी उठून पडद्याजवळ गेली आणि पुंजक्याच्या शेजारी बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, इथं काळं काय आहे? काहीतरी तोंड उघडल्यावाणी."

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती धूळ आहे, मागचा उजेड अडवणारी, आणि हे सगळं सुमारे 1,350 प्रकाशवर्षं लांब आहे, हे मी सांगितलं. मग प्रश्नांना धरबंध राहिला नाही. ते चार तारे इतके जवळ का? हा रंग खरा का? आपण बघतोय तो उजेड कधी निघाला? एका आजोबांनी विचारलं, "ही त्या तीन काड्यांच्या खालचीच जागा ना? पेरणीनंतर पहाटे उगवती ती?" बरोबर तीच.

साडेदहाला एम 51 आली. 4 सेकंदांच्या साठ फ्रेमा, म्हणजे चार मिनिटं, आणि तिचे सर्पिल हात पडद्यावर उमटले. 1845 साली आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांना हेच हात पहिल्यांदा दिसले, त्यासाठी त्यांनी 72 इंचांचा आरसा घडवला होता. आमचा 8 इंचांचा.

मग मी कॅमेरा काढला, एक्स्टेंशन आणि 25 मिलिमीटरचा आयपीस लावला आणि दुर्बीण पुन्हा मृगावर नेली. तो आता पार खाली गेला होता, झाडांच्या जेमतेम वर. ज्यांना हवं त्यांनी या, म्हटलं. पाचवीतली ती मुलगी पहिली आली. स्टुलावर चढली, एक डोळा हाताने झाकला आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मागची मुलं चुळबुळ करायला लागली तरी मी तिला हलवलं नाही.

"मॅडम," ती डोळा न काढता म्हणाली, "इथं रंग नाही. पण ते तोंड आहे."