फेड-२: गळती थांबली, पण १/५०० बिघडला

माझ्या फेड-२ या जुन्या सोव्हिएत फिल्म कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवर काळे ठिपके येत होते, हे मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ते कुठून येतात ते कळलं. याच्या शटरमध्ये कापडाचे दोन पडदे असतात: पहिला सरकून फिल्म उघडी करतो, दुसरा मागून येऊन ती झाकतो. पडद्याला चीर पडली की उजेड आत गळतो. माझा पहिला पडदा गळत होता, दुसरा ठणठणीत आहे.

गळती शोधायला नुसत्या टॉर्चवर विसंबू नका. ताण बसल्यावरच उघडणारी बारीक चीर टॉर्चला सापडेलच असं नाही. फिल्मवर दोन फ्रेममध्ये निकाल लागतो. लेन्सला झाकण लावून फिल्म पुढे घ्या, झाकण काढून लेन्सचं छिद्र एफ/२.८ वर ठेवून २ मिनिटं आकाशाकडे धरा (सूर्याकडे नको, पडदा जळतो), झाकण लावा आणि मग बटण दाबा. ठिपका आला तर दोष पहिल्या पडद्याचा. पुढच्या फ्रेमला क्रम उलटा: झाकण असतानाच बटण दाबा, मग २ मिनिटं उजेड द्या, झाकण लावून फिल्म पुढे घ्या. इथे ठिपका आला तर दुसरा पडदा. एसएलआर कॅमेऱ्यात पडद्यापुढचा आरसा बराच उजेड अडवतो. फेडसारख्या रेंजफाइंडरमध्ये तो आरसा नसतो, झाकण निघालं की पडदा थेट उजेडातच.

चिरा फॅब्रिक पेंटने भरल्या. काळा रंग, थेंबभर पाणी, मेकअपच्या स्पंजचा तुकडा. रंग पुसायचा नाही, टिपायचा. पहिला पडदा रंगवताना शटर चढवलेलं (फिल्म पुढे घेतल्यावर असतं तसं) ठेवायचं, म्हणजे तो ताणलेला राहतो आणि सुकताना रोलरवर गुंडाळून स्वतःलाच चिकटत नाही. दुसऱ्यासाठी शटर सोडलेलं. प्रत्येक थर रात्रभर सुकू द्यायचा. लिक्विड इलेक्ट्रिकल टेप मला पसंत नाही; आपल्या पावसाळी हवेत तो चिकटच राहतो. आणि जळून आरपार पडलेल्या भोकाला रंग चालतच नाही. आधार द्यायला कापडच नसतं, तिथे ठिगळच हवं.

गळती शून्य. निगेटिव्हवर स्वच्छ आकाश बघताना फार बरं वाटलं!

आता दुखणं. शटरच्या १/५०० सेकंद या वेगाला फोटोची एक बाजू अंधारी येते. रंगाने पडदा ताठ झाला, पहिला पडदा रेंगाळतो, दुसरा त्याला गाठत जातो आणि मधली फट धावेच्या शेवटी अरुंद होते. १/२५ मात्र ठीक: फोनच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोमध्ये शटर ९-१० फ्रेम उघडं दिसतं. १/५०० साठी स्लो-मो निरुपयोगी. तिथे कॅमेऱ्याची पाठ काढून जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही शटरमधून बघायचा. तिरका पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा हवा. इथे तो एका टोकाला निमुळता होतो.

पहिल्या पडद्याची स्प्रिंग पाव फेरा घट्ट करून बघितली. फरक पडला, पण पुरेसा नाही. त्याहून जास्त ताण द्यायला मी तयार नाही, पडदे ओढणाऱ्या जुन्या फितींचा चिकटवलेला सांधा आधी सुटेल.

म्हणून पुढचा बेत होता पडद्याचं कापड स्वतः कापायचा. पण फितींची लांबी जराशी चुकली तरी फटीचं गणित कोलमडतं. त्यापेक्षा फितींसकट तयार मिळणारी पडद्यांची जोडी मागवणं शहाणपणाचं. मूळ कापडाहून जाड असेल तर मात्र परत.

लिहिता लिहिता सुचलं: गळतीच्या चाचणीला फिल्म कशाला? लाल दिव्यात एन्लार्जिंग पेपरची (फोटो छापायच्या कागदाची) ३५ मिमी पट्टी, लेपाची बाजू लेन्सकडे करून गेटवर, म्हणजे पडद्यामागच्या फिल्मच्या चौकटीवर, ठेवायची. पेपर मंद असतो, म्हणून २ ऐवजी २० मिनिटं उजेड द्यायचा. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये टाकली की ठिपका डोळ्यांसमोर उमटतो. नवा पडदा बसला की पहिली चाचणी अशीच घेणार. तोवर हा कॅमेरा १/१०० च्या पुढे न्यायचा नाही.