बंदूक सरकारची, पट्टा माझा

आमच्या घरात दुनळी बंदूक होती म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "वाघ मारलावता का?" कोल्हापुरात बंदूक आणि वाघ यांच्यामध्ये दुसरं जनावर बसतच नाही. आबांची बारा बोअरची देशी दुनळी पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. राधानगरीकडच्या आमच्या उसात रानडुकरं शिरायची, ती हुसकावायला वर्षाकाठी हवेत दोन-चार बार. एरवी ती नुसती खांद्याला. तीन किलोंचं ते धूड रात्रभर बांधावरून वागवायचं, म्हणजे आबांचा खरा संसार चापाशी नव्हताच, पट्ट्याशी होता.

पहिला पट्टा जाड सुताचा होता. पावसात भिजला की खांदा काचायचा. मग आबा एका बाजारच्या दिवशी कोल्हापुरात आले आणि ओळखीच्या चपलेवाल्या मामांना माप दिलं. मामांनी आयुष्यभर चपलाच केलेल्या. त्यांनी पट्टाही तसाच केला: बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, दोन थर, दोऱ्याऐवजी कातड्याच्याच वादीची शिवण, दोन्ही टोकांना पितळी बक्कल. देखणा झाला. फक्त चालताना वाजायचा. कर्र कर्र! नव्या कोल्हापुरी पायताणासारखा.

आबा पट्टा घेऊन परत गेले. "मामा, ही चप्पल न्हवं. आवाजानंच डुक्कर पळतंय की!"

मामांनी रांपी खाली न ठेवता सांगितलं, "मग बरं झालं की. काडतूस वाचलं."

याला आबांकडे उत्तर नव्हतं. (अजून कुणाकडे असेल असं वाटत नाही.) तरी मामांनी वरचा थर काढून पट्टा एकेरी केला, तेल पाजलं आणि तो मुका झाला. थरावर थर घासला की कातडं बोलतं. पायात ते मिरवायचं, खांद्यावर लपवायचं.

पट्टा आला की दुसरा वाद सुरू होतो, नळी वर की खाली? वर ठेवली तर गगनबावड्याकडचा पाऊस थेट नळीत. खाली ठेवली तर बांध उतरताना ती चिखलात रुतते, आणि चिखल बसलेल्या नळीतून बार काढला तर नळीच फुटते. आबा पावसाळ्यात खाली धरायचे, पण चर ओलांडायच्या आधी बंदूक मोडून, म्हणजे मधून उघडून, काडतुसं खिशात. खांद्याला लावलेली बंदूक भरलेली नसावी, यावर मात्र घरात वाद नव्हता.

जुन्या शिकारीच्या फोटोंत साहेबलोक उभे असतात ते बंदूक कोपरात धरून. पट्टा दिसत नाही. विलायती जुन्या दुनळ्यांना बहुधा पट्ट्याच्या कड्याच नसतात. जर्मन, ऑस्ट्रियन बंदुकांना असतात. त्यांना डोंगर चढायचे, हात मोकळे हवेत. शिवाय उडत्या पाखरामागे नळी फिरवताना खाली लोंबणारा पट्टा झोके खातो, नेम बिघडवतो. ते कारण खरंच आहे. पण मला वाटतं, ज्याची बंदूक मागून दुसराच कुणी वाहून आणतो, त्याला पट्टा कशाला आठवेल?

रायफलीच्या पट्ट्याची गोष्ट वेगळी. २०२४ मध्ये आमच्या तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा टीव्हीसमोर सगळं गाव गोळा झालेलं. त्या खेळात गुडघ्यावर आणि पालथं पडून मारताना दंडाला पट्टा आवळता येतो, उभ्यानं मात्र नाही. मी हे ज्ञान पाजळत होतो आणि मला वाटत होतं, आबा असते तर म्हणाले असते, "म्हंजे नेम धरायलाबी पट्टाच लागतोय हुय!"

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागायची. आबा नेताना आधी पट्टा सोडायचे, गुंडाळून फडताळात ठेवायचे. "बंदूक सरकारची, पट्टा माझा." ते गेल्यावर परवाना पुढे चालवायला कुणी तयार झालं नाही, बंदूक कायमची जमा झाली. पावतीवर तिचा नंबर होता. पट्ट्याला नंबर नव्हता, तो राहिला.

आता तो माझ्या खांद्यावरच्या पिशवीला आहे. बक्कल तिसऱ्या भोकात, आबांच्याच. तिथं कातडं काळं पडून पातळ झालंय. मागच्या हिवाळ्यात दाजीपूरच्या जंगलात गेलो, तर नाक्यावरचा वनरक्षक पट्ट्याकडे बघत राहिला.

"दादा, ह्यो बंदुकीचा न्हवं?"

"बंदुकीचाच."

"मग पिशवी उघडा."

उघडली. आत पाण्याची बाटली आणि भडंगाचा डबा. त्यानं डबा उघडून नीट तपासला, दोन मुठी तपासला, आणि जा म्हणाला.