बारा बोलींचे वर्ष : सप्टेंबरअखेरची नोंद

गेल्या डिसेंबरमध्ये वाचनाची वही चाळताना माझ्या लक्षात आले की, वर्षभरात मी ५२ पुस्तके संपवली होती आणि त्यांपैकी निम्म्या पुस्तकांतल्या मुख्य पात्रांची नावेही मला आठवत नव्हती. आठवड्याला एक पुस्तक हे उद्दिष्ट मी पाळले खरे, पण त्यासाठी नकळत बारीक पुस्तके निवडत गेले आणि पानावर बोलीभाषेतला संवाद आला की नजर सरळ पुढच्या परिच्छेदावर टाकत गेले. ही शेवटची सवय मला सर्वांत लाजिरवाणी वाटली, कारण स्वतःला मराठी कादंबरीची वाचक म्हणवणारी बाई निम्मी मराठी ओलांडून पुढे जात होती.

म्हणून यंदा आकडा खाली आणला आणि अट वाढवली. वर्षात बारा कादंबऱ्या, शक्यतो प्रत्येक निराळ्या मुलखाची, आणि प्रत्येकीची पहिली वीस पाने घरी मोठ्याने वाचायची. त्यानंतरचे वाचन नेहमीप्रमाणे गाडीत. नौपाड्यातून चालत ठाणे स्थानक आणि तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने नवी मुंबईतले जुईनगर, असा माझा रोजचा प्रवास आहे. सकाळची गाडी ठाण्याहूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळते आणि अर्धा तास हाती लागतो. परतीच्या गाडीत मात्र पुस्तक उघडण्याइतकीही जागा नसते, त्यामुळे तो वेळ मी हिशेबात धरत नाही.

सप्टेंबरअखेर यादीतल्या सहा कादंबऱ्या पूर्ण झाल्या आहेत, एक अर्ध्यावर आहे, एक यादीबाहेरची मध्येच वाचली आणि एक साठाव्या पानावर सोडून दिली. सोडलेल्या कादंबरीचे नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा होता की त्या आठवड्यातल्या माझ्या दाढदुखीचा, हे अजून ठरलेले नाही.

सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने (१९५५) केली. ही माझी तिसरी खेप होती, आणि माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, तिथला कारभारी, सगळ्यांनी मिळून उभारलेली तालीम आणि शेवटी पडलेला दुष्काळ हे सारे ओळखीचे होते. मोठ्याने वाचल्यावर मात्र पूर्वी न दिसलेली एक गोष्ट ऐकू आली. मास्तर निवेदन करतो ते स्वच्छ, मोजक्या प्रमाण मराठीत, आणि वाडीची माणसे बोलतात ती आपल्या बोलीत. एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना आवाजाचा पोत इतका बदलतो की आपण मास्तरासोबत उंबरठा ओलांडत आहोत असे वाटते. मास्तर वाडीवर कितीही रुळला तरी तो बाहेरचाच आहे, हे माडगूळकरांनी कुठेही सांगत न बसता नुसत्या भाषेतून राखले आहे. 'वाघर' हा शब्द अनोळखी शब्दांच्या माझ्या वहीत याच वाचनात आला. रात्री मेंढरे कोंडण्यासाठी भोवती लावायचे जाळे म्हणजे वाघर. पहिल्या दोन वाचनांत मी तो शब्द अर्थ न कळता ओलांडला असणार.

(जुलैतल्या एका सकाळी ही प्रत पिशवीत भिजली. रोज चार पानांमागे वर्तमानपत्राचा एक कागद घालून, वर पोळपाट ठेवून ती पंख्याखाली वाळवली. आता ती उघडल्यावर मिटत नाही, एवढे सोडल्यास ठीक आहे.)

दुसरी उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०), आणि यंदाच्या वर्षातले सर्वांत जड वाचन हेच. नवऱ्याच्या निष्क्रियतेशी, गरिबीशी आणि पुढे नवऱ्याच्या महारोगाशी झगडत संसार ओढणारी कौतिक ही मराठी कादंबरीतली फार मोठी बाई आहे, हे मी ऐकून होते. पण ती बोलते वऱ्हाडी आणि मी वाढले ठाण्यात. 'मला'च्या जागी 'मले' आणि 'का'च्या जागी 'काहून' पानापानावर आले की वेग निम्म्यावर येतो. जेवणाच्या सुट्टीत मी एक संवाद आमच्या कार्यालयातल्या वर्ध्याच्या सहकाऱ्याला वाचून दाखवला. त्याने अर्ध्यावरच हात वर केला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही तर बातम्या वाचल्यासारख्या वाचून राहिल्या ना." मग पुस्तक माझ्या हातून घेऊन त्याने तेच पान वाचले. मी ज्या वाक्यावर कौतिकला चिडलेली समजत होते, त्या वाक्यात ती खरे तर काकुळतीला आलेली होती. शब्द तेच होते. माझा हेल चुकला होता, एवढेच. त्यानंतर मी मागची चाळीस पाने पुन्हा वाचली आणि कौतिकबद्दलचे माझे मत बरेच बदलले. पहिल्या वाचनात ती करारी वाटली होती, दुसऱ्यात ती घाबरलेली आणि तरीही न थांबणारी वाटली, आणि हे दुसरे रूप मला अधिक खरे वाटते.

'धग'बद्दल एक तक्रारही नोंदवून ठेवते. संवाद इतके जिवंत असताना मधले निवेदन प्रमाण भाषेकडे झुकलेले आहे, आणि इथे 'बनगरवाडी'सारखे त्याला कारण नाही. इथे कुणी मास्तर बाहेरून आलेला नाही. मग कौतिकच्या घरातली चूल आपल्याला पुस्तकी मराठीत कोण दाखवत आहे, हा प्रश्न मला शेवटपर्यंत टोचत राहिला. माणसांना बोली आणि लेखकाला प्रमाण भाषा अशी वाटणी झाली की वाचकही आपसूक लेखकाच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसतो. कादंबरीच्या मोठेपणाला याने उणेपणा येत नाही, पण माझ्या वर्षाचा पुढचा क्रम या टोचणीनेच ठरवला.

त्यामुळे लगेच रा. रं. बोराडे यांचा 'पाचोळा' (१९७१) घेतला. इथे गोष्ट सांगते ती गंगाराम शिंप्याची बायको पार्वती, आणि ती संवादापुरती नव्हे, पहिल्या ओळीपासून आपल्याच बोलीत सांगते. तिच्या आणि माझ्यामध्ये तिसरे कुणी नाही. पहिली दहा पाने मला ठेचा लागल्या; विसाव्या पानानंतर बोली दिसेनाशी झाली आणि नुसती पार्वती उरली. नवऱ्याचा हट्ट, मुलाचे हाताबाहेर जाणे, कुटुंबाची होत जाणारी धूळधाण हे सर्व ती अशा रीतीने सांगते की तिला आपण दुःख सांगत आहोत याचे भानच नाही, ती केवळ काय झाले ते सांगत आहे. पुस्तक लहान आहे. मी ते चार दिवसांत संपवले आणि पुढचे चार दिवस दुसरे काही उघडले नाही. यंदा वाचलेल्यांत पहिला क्रमांक आज तरी 'पाचोळा'चा.

स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगणारी बाई म्हटल्यावर मागे जाणे भाग होते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही 'करमणूक' साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः येत होती. तिची निवेदक यमू पुण्याच्या ब्राह्मण घरातली, त्यामुळे ही 'बोली'च्या यादीत कशी, असे मला एका मैत्रिणीने विचारले. माझे म्हणणे असे की माजघर हाही एक मुलूखच आहे. लहानपणीची यमू बोलते तेव्हाची वाक्ये आणि विधवा झाल्यानंतरच्या भागातली वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत. पहिली एकमेकांत अडकत, फाटे फोडत जातात, दुसरी आखूड होतात. कादंबरी आजच्या मानाने लांबलेली आहे, खलपुरुष शंकरमामंजी रंगभूमीवरून थेट उतरल्यासारखा आहे, आणि मधली काही प्रकरणे मी सरळ सरळ कंटाळून वाचली. तरीही पार्वती आणि यमू या दोघींच्या मध्ये ऐंशी वर्षांचे अंतर असून दोघींनाही आवाज पुरुषांनी दिलेला आहे, आणि दोन्ही ठिकाणी तो मला उसना वाटला नाही, ही गोष्ट मी बरेच दिवस मनात घोळवत आहे. बाबा पदमनजींच्या 'यमुना पर्यटन'ची (१८५७) नायिकाही यमुनाच. मराठी कादंबरीने सुरुवातीलाच हे नाव दोनदा का निवडले असावे, याचा विचार करण्यात माझे एक स्थानक पुढे गेले आणि नेरुळहून मागे यावे लागले.

राजन गवस यांचे 'चौंडकं' (१९८५) आणि भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) यांच्याबद्दल थोडक्यात लिहिते. 'चौंडकं'मध्ये यल्लम्मा देवीला देवदासी म्हणून सोडलेल्या मुलीची कहाणी आहे. कर्नाटकाच्या सीमेलगतची ती भाषा मला 'धग'पेक्षाही अनोळखी होती, आणि विषयच असा आहे की मोठ्याने वाचण्याची अट मला सहाव्या पानावर मोडावी लागली. घरात मुलगी अभ्यासाला बसलेली होती, आणि मला वाचता येईना. 'कोसला' ही माझी चौथी फेरी. विसाव्या वर्षी पांडुरंग सांगवीकरचे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' मला अतिशय आवडत असत, इतके की मी ते आपल्या पत्रांतही वापरत असे. आता त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग सोडल्यास त्या लकबीचा मला थोडा शीण आला. पण यंदाच्या चष्म्यातून पाहिल्यावर वेगळेच दिसले: खेड्यातून पुण्याला आलेला हा मुलगा शहरी भाषा शिकतो, ती पुरती अंगाला लागत नाही, आणि गावी परतल्यावर तिथलीही भाषा पूर्वीसारखी आपली राहत नाही. ती लकब म्हणजे दोन भाषांच्या मधली शिवण आहे, असे माझे आजचे मत आहे.

यादीबाहेरचे वाचन म्हणजे विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' (१९३९). गणपतीच्या सुट्टीत दोन बैठकींत संपले. युरोपातून परतणाऱ्या बोटीवरचा चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांचे काही दिवसांचे प्रेम, एवढेच कथानक. बोलीच्या वर्षात त्याचे काय काम, असे वाटेल. पण हॅर्टाला मराठी येत नाही, म्हणजे आपण वाचतो तो तिचा एकूणएक शब्द दुसऱ्या भाषेत बोलला गेलेला आहे, आणि बेडेकरांनी तिच्यासाठी एक किंचित परकी, अवघडलेली मराठी घडवली आहे. ती कोणत्याच मुलखाची बोली नाही. मला वाटते, म्हणूनच ती लक्षात राहते.

सध्या हातात श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'चा (१९८७) पहिला खंड आहे. कोकणातल्या जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याच्या चार पिढ्या आणि दोन जाडजूड खंड असा मामला असल्याने हे पुस्तक गाडीत नेणे अशक्य आहे; ते रात्री जेवणानंतर मांडीवर उशी घेऊन वाचते. वेग दिवसाला पंधरा पाने. पेंडशांना भाषेपेक्षा माणसांच्या भांडणात अधिक रस आहे आणि त्यांची भांडणे फार चांगली असतात, त्यामुळे शब्दांची वही या पुस्तकाच्या वेळी थोडी उपाशी आहे. दुसरा खंड मला ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणायचा आहे. १८९३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाची मी २२ वर्षे सभासद आहे, आणि तिथल्या कपाटांसमोर उभे राहिले की यादी बदलण्याचा मोह होतो. म्हणून यंदा मी आत जाताना यादी हातात धरूनच जाते.

वहीत आतापर्यंत २१४ शब्द झाले. अर्थ लावायला दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' पहिला आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दुसरा. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे 'यमुना पर्यटन'च्याच वर्षाची, पण शेतीची अवजारे, भांडी, जनावरांचे रंग यांच्यासाठी तो अजूनही हाताशी असावाच असा आहे. दोन्हीकडे न सापडलेले १९ शब्द वेगळ्या पानावर लिहिले असून त्यांतले सात आमच्या वर्ध्याच्या सहकाऱ्याने एका चहात सोडवले.

उरलेल्या तीन महिन्यांसाठी कृष्णात खोत यांचे 'रिंगाण', ज्याला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, सदानंद देशमुखांचे 'बारोमास' आणि भाऊ पाध्ये यांचा 'वासूनाका' ठरलेले आहेत. 'बारोमास' मुद्दाम 'धग'नंतर बऱ्याच अंतराने ठेवले, म्हणजे विदर्भाची दुसरी कड ऐकताना कौतिकचा आवाज मध्ये येणार नाही. तुंबाड धरून हे दहा होतात. अकराव्या जागी अहिराणीचा कस असलेली कादंबरी हवी आहे. दोन नावे मनात आहेत, निर्णय व्हायचा आहे.

बारावी जागा रिकामी आहे आणि तिचीच मला सर्वांत जास्त चुटपुट लागली आहे. जुईनगरला जाताना घणसोलीला आणि कोपरखैरण्याला महिलांच्या डब्यात ज्या बायका चढतात, त्यांची आगरी मी गेली अकरा वर्षे रोज कानांनी ऐकत आले आहे. त्या बोलीत गाडीची 'गारी' होते, पाण्याचे 'पानी' होते, आणि "गारी आली गो" ही हाक माझ्या सकाळचे घड्याळच आहे. वऱ्हाडापासून सीमाभागापर्यंत फिरून आले, पण ज्या गावांच्या जमिनीवर माझे कार्यालय उभे आहे त्यांच्या भाषेतली एकही कादंबरी मी वाचलेली नाही. संवादापुरती नको, निवेदनही आगरीतच असलेली हवी. कुणाला ठाऊक असल्यास नाव अवश्य कळवावे. तिच्यासाठी डिसेंबरचा पूर्ण महिना मोकळा ठेवला आहे, आणि पहिली वीस पाने कुणासमोर मोठ्याने वाचायची हेही मनाशी ठरले आहे. खिडकीशी बसून मासळीच्या पाट्या सांभाळणाऱ्या एक मावशी मला रोज विचारतात, "काय गो, आज कनचा बुक?"