कीटनची दोन-रिळी आणि आमचं कपाट : आतापर्यंतची नोंद

मूकपटांच्या काळातला अमेरिकी विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटन याने स्वतःच्या नावावर १९२० ते १९२३ या काळात केलेले एकोणीस लघुपट (बहुतेक दोन रिळांचे, म्हणून 'दोन-रिळी') ओळीने बघायला घेतलेत. प्रदर्शनाच्या नाही, चित्रीकरणाच्या क्रमाने. म्हणजे सुरुवात 'वन वीक'ने नाही, 'द हाय साइन'ने. हा आधी तयार झाला होता, पण कीटनला तो पहिला म्हणून बाहेर यावा असं वाटेना, म्हणून डबाबंद राहिला. १९२१ मध्ये 'द इलेक्ट्रिक हाउस'च्या शूटिंगला सरकत्या जिन्यात पाय अडकून त्याचा घोटा मोडला, काम थांबलं, तेव्हा कुठे तो प्रदर्शित झाला. मला तर तो आवडला. पण लगेच 'वन वीक' लावा, म्हणजे त्याचा निर्णय कळतो.

'वन वीक'मध्ये नवं जोडपं खोक्यांतून आलेलं घर स्वतः उभारतं. जळणारा जुना प्रतिस्पर्धी खोक्यांवरचे आकडे बदलतो आणि घर वेडंवाकडं होतं. वादळात ते घर गरगर फिरतं ते खरंच, कारण ते फिरत्या चकतीवर बांधलं होतं. शेवटी घर रुळांवर अडकतं, समोरून गाडी येते, दोघं डोळे मिटतात, गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श! आणि तेवढ्यात उलट बाजूने दुसरी गाडी येऊन घराचा भुगा करते.

हा प्रसंग मी आवाज बंद करून पुन्हापुन्हा पाहिला (पार्श्वसंगीत नंतर कुणीकुणी चढवलेलं असतं, ते फसवतं). कॅमेरा लांब उभा आहे आणि जागचा हलत नाही. घर, रूळ, माणसं सगळं एका चौकटीत. पहिली गाडी जिथून गेली ती जागा आपल्या डोळ्यांत पक्की बसते, म्हणून दुसरी गाडी अंगावर येते. क्लोजअप लावला असता तर नुसता अपघात दिसला असता.

यावरून आमचा प्रयोग. तिसऱ्या मजल्यावर लोखंडी कपाट चढवणारे दोघे, एवढीच गोष्ट. एकदा तुकड्यातुकड्यांत शूट केलं: हात, कपाळावरचा घाम, पायरीवर घसरणारी चप्पल. मग तेच जिन्याच्या वळणावर ट्रायपॉड लावून सलग. दोन्ही आवृत्त्या ग्रुपमध्ये दाखवल्या. पहिलीत लोक चेहऱ्याला हसले. दुसरीत, कपाट वळणावर अडकतं आणि वरून काकू भाजीची पिशवी घेऊन उतरतात, तिथे काही घडण्याआधीच खसखस सुरू झाली! काय होणार ते प्रेक्षकाला आधी दिसलं, जिन्यातल्या दोघांना नंतर. कपाट रिकामं असूनही जड दिसायला हवं, त्यासाठी आत विटा ठेवल्या. नाटकी धापा टाकण्यापेक्षा ते सोपं पडलं, पाठीचं मात्र विचारू नका.

कीटनची तालीम अर्थात वेगळी. लहानपणापासून आईबापांबरोबर रंगमंचावर आपटून घेण्यात गेलेली, मग १९१७ पासून विनोदी नट-दिग्दर्शक रॉस्को आर्बकलच्या चित्रपट-युनिटमध्ये. रंगमंचावर आठवड्याला अडीचशे डॉलर मिळण्याची सोय असताना तो तिथे चाळीस डॉलरवर गेला. कॅमेरा आतून कसा चालतो हे आधी समजून घेतलं, अभिनय त्यानंतर. आपल्यातले जे थेट मोठा कॅमेरा घ्यायला निघालेत त्यांनी यावर थोडं थांबावं, असं माझं मत.

'द प्लेहाउस' (१९२१) वेगळ्या कारणासाठी बघा. एकाच चौकटीत नऊ कीटन! कॅमेरामन एल्जिन लेसलीने भिंगाचा एकेक भाग उघडत तीच फिल्म पुन्हापुन्हा मागे घेतली, आणि दर वेळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत तोच वेग राखला. मोबाइलवर दोन कीटन करायला आम्हाला अॅप लागतं.

पुढे 'कॉप्स' (१९२२). कपाटाची गोष्ट अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे. शेवट ठरलाय: घर चुकलेलं असतं. कीटनचे लोक सुरुवात आणि शेवट आधी पक्का करत, मधलं सेटवर सापडे. आमच्याकडे मधलं भरपूर आहे, दोन्ही टोकं आत्ता जुळली. पुढच्या रविवारी काकूंची वेळ मिळाली तर शूट.