टप्पा

दहावीपर्यंत मराठीतून बीजगणित शिकलेले आम्ही अकरावी सायन्सला शाळेच्याच वरच्या मजल्यावर गेलो आणि गणित एकदम इंग्रजी बोलायला लागलं. पहिलाच धडा फंक्शनचा, म्हणजे एक संख्या आत घातली की ठरलेली एकच बाहेर येते त्या नियमाचा. आत घालायच्या त्या डोमेन, बाहेर येऊ शकतील त्या को-डोमेन, खरंच येतात त्या रेंज. दोन लंबगोल काढायचे, बाण मारायचे, डावीकडच्या एकाच संख्येतून दोन बाण निघाले की ते फंक्शन नाही. एवढ्या भांडवलावर पहिली चाचणी निभावली.

दुसऱ्या चाचणीत मात्र घोळ झाला. ‘एफ’ हे फंक्शनचं नाव; त्याच्यापुढे कंसात २ अधिक ३ दिसल्यावर मी खुशाल एफ ऑफ २ अधिक एफ ऑफ ३ लिहून मोकळा. कंस सोडवायचा म्हणजे बाहेरच्याने आतल्या सगळ्यांना गुणायचं, ही हाताची जुनी सवय. तपासलेला पेपर परत देताना सरांनी विचारलं, “काय रे, एसटीने येतोस ना?”

मग फळ्यावर एसटीच आली. टप्पा ६ किलोमीटरचा. १ जा नाहीतर पूर्ण ६, भाडं एकाच टप्प्याचं. सहाच्या जरा पुढे गेलात की दुसरा टप्पा. “एफ म्हणजे टप्पे. थेट ५ किलोमीटर गेलास तर किती?” एक. “आणि २ वर उतरलास, चहा प्यायलास, पुढच्या गाडीने उरलेले ३ गेलास तर?”

दोन.

सर खडू ठेवून माझ्याकडे नुसते बघत राहिले. एफ म्हणजे कंडक्टर: त्याला अंतर सांगायचं, तो टप्पे सांगणार. कंडक्टरने कोण कशाला गुणेल?

एफपुढे कंस लिहायची ही पद्धत गणितज्ञ ऑयलरने १७३४च्या सुमारास सुरू केली, असं सरांनीच सांगितलं. गुणाकाराचाच कंस त्याने इथे का वापरला, ही माझी तक्रार अजून मिटलेली नाही.

आलेख काढला तर पायऱ्या झाल्या. प्रत्येक पायरीच्या डाव्या टोकाला पोकळ ठिपका, उजव्या टोकाला भरीव. ते मी कितीदा उलटे काढले असतील! नुसते टप्पे कळले तर किलोमीटर सांगता येत नाहीत, म्हणून याचं इन्व्हर्स, म्हणजे उलट दिशेचं फंक्शन, नाही, हेही त्याच तासाला उरकलं.

शेवटी मी शहाणपणा केला. “सर, माझा पास आहे. वाटेत कुठेही उतरलो तरी कंडक्टर पैसे मागत नाही.”

“मग तू कॉन्स्टंट फंक्शन. आत काहीही घाला, उत्तर तेच,” सर म्हणाले.

बारावीचा निकाल लागेपर्यंत वर्गात मला कोणी नावाने हाक मारली नाही.