पंखा बंद, राउटर चालू

मंगळवारी पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी आमचा पंखा थांबला. वेळ इतकी नेमकी लक्षात आहे, कारण सासूबाईंनी अंधारातून विचारलं, "किती वाजले गं? तुझी बॅटरी झोपली वाटतं." वीज शनिवारी सकाळपासून नव्हती. गुहागरकडच्या जुलैत याचं कोणाला नवल नाही. नवल बॅटरी किती उरलीय ते दाखवणाऱ्या मीटरचं वाटलं. उठून बघते तर पठ्ठ्या ५२ टक्के दाखवतोय. निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक, आणि घरात अंधार गुडुप.

ज्यांनी माझं आधीचं लिखाण वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जुनी ट्युब्युलर बॅटरी गेल्या वर्षी मेली. तिला डिस्टिल्ड वॉटर पाजून पाजून मी कंटाळले होते. तिच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटचे १०० एएचचे (अँपिअर-तासांचे) चार सेल सिरीजमधे लावले, त्यावर बीएमएस (एखादा सेल फार भरला किंवा फार उतरला की बॅटरी तोडणारं सर्किट), छपरावर दोन सोलर पॅनेलं, पॅनेलचा करंट बॅटरीला बेताने देणारा एक स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर. त्यावर १२ व्होल्टचे दोन पंखे, पाच बल्ब आणि राउटर चालतो. पॉलिटेक्निकच्या लॅबमधे एकोणीस वर्षं काढली असल्याने हात चालतो. पण लॅबमधे वायरिंग दुसऱ्याचं असायचं आणि चुका मी काढायचे, इथे दोन्ही माझ्याच.

जुन्या लेड ॲसिड बॅटरीचं व्होल्टेज बघून ती किती उरलीय याचा अंदाज यायचा. या सेलांचा येत नाही. बॅटरी निम्मी असो की पाऊण, आकडा १३.२ च्या आसपास रेंगाळतो आणि शेवटी एकदम कोसळतो. म्हणून शंट लागतो, म्हणजे करंटच्या वाटेत बसवलेली अगदी कमी रोधाची पट्टी. माझा ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा आहे, म्हणजे १० अँपिअर गेले की त्याच्या दोन टोकांत १५ मिलिव्होल्ट दिसतात. मीटर तेवढेच मोजतो आणि आत-बाहेरची बेरीज-वजाबाकी करत बसतो. बरेच जण शंट बीएमएसच्या पुढे लावतात. मी बॅटरी आणि बीएमएस यांच्या मधे लावलाय, बीएमएसने सगळं तोडलं तरी मीटर जिवंत राहावा म्हणून. त्या रात्री तो जिवंत होता, फक्त भलतंच सांगत होता.

सकाळी आधी मीटरवरच संशय घेतला. आमच्याकडची हवा खारट, महिन्याभरात तांब्यावर हिरवं चढतं. शंटच्या बारीक स्क्रूंवर खरंच हिरवट थर होता. घासून काढला, स्क्रू आवळले. मग एकच पंखा लावून मल्टिमीटर थेट त्या स्क्रूंवर टेकवला: ३.३ मिलिव्होल्ट. गुणाकार केला तर २.२ अँपिअर. मीटरही २.२ म्हणत होता. मीटर निर्दोष.

तेवढ्यात वाडीतला वायरमन छत्री झटकत आला. "काकू, सरका जरा," म्हणत त्याने क्लॅम्प मीटर काढला आणि जाड वायरीला लावला. शून्य. "करंटच नाय हो काकू यात." आणि वर पंखा गरगर फिरतोय! त्याचा क्लॅम्प फक्त एसीचा. आतमधे ट्रान्सफॉर्मरसारखं वेटोळं असतं, त्याला डीसी दिसतच नाही. डीसीसाठी हॉल सेन्सरवाला क्लॅम्प लागतो, तो महाग. त्याला चहा दिला, तो गेला.

उत्तर खरं तर रात्रीच डोळ्यांसमोर होतं. पंखा बंद, बल्ब बंद, आणि कोपऱ्यात राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. मी त्यांच्याच उजेडात चपला शोधल्या! बीएमएसने बॅटरी तोडलीय तर राउटर कुणाच्या जिवावर चालतोय, हा प्रश्न मला सकाळी दहाला पडला.

मे महिन्यात मुलगा आला होता. त्याचं ऑफिसचं काम, मीटिंगा, म्हणून राउटरसाठी १२ व्होल्टचा कन्व्हर्टर लावून दिला. घाईत त्याची निगेटिव्ह वायर बॅटरीच्याच बोल्टवर, मोठ्या लगच्या (जाड वायरीच्या टोकाच्या कडीच्या) खाली दाबली. जागा होती, पाना हातात होता. म्हणजे राउटरचा करंट शंटमधून जातच नव्हता. त्याहून वाईट म्हणजे बीएमएसमधूनही जात नव्हता. बॅटरी संपली म्हणून बीएमएसने घर तोडलं तरी राउटर सेल चोखत राहिला. सकाळी सेल मोजले तेव्हा दोन नंबरचा २.६१ व्होल्टवर होता. बीएमएस २.८ ला तोडतो. आणखी अर्धा दिवस लक्ष गेलं नसतं तर तो सेल कायमचा अधू झाला असता.

ती वायर सोडवून मधे मल्टिमीटर घातला: ०.७१ अँपिअर. शनिवारी सकाळी अकराला मी मीटर १०० वर रिसेट केला होता. तिथपासून मंगळवार पहाटेपर्यंत ६४ तास. ०.७१ गुणिले ६४, म्हणजे पंचेचाळीस एएच मीटरच्या पाठीमागून गेले. तरी मीटरने शिल्लक दाखवलेल्या ५२ मधले सातेक उरतातच. ते कुठे गेले?

वायर बीएमएसच्या पलीकडे लोडच्या, म्हणजे पंखे-बल्बांच्या, बाजूला लावली. आता सगळं बंद केलं तरी मीटर ०.७१ दाखवतो, दाखवायलाच हवा. पण त्या सातांनी डोकं खाल्लं.

गुरुवारी ऊन पडलं. पावणेअकरापर्यंत ११ अँपिअर छान आत येत होते आणि अचानक शून्य. शनिवारीही हेच झालं होतं आणि मी "भरली" म्हणून खुशाल रिसेट मारला होता. यावेळी कंट्रोलरवर विसंबले नाही, पुन्हा ऊन देऊन करंट तुटायच्या बेतात असताना सेल एकेक मोजले. ३.३४, ३.३५, ३.३४ आणि चौथा ३.७१. बेरीज १३.७४. कंट्रोलर १४.४ ची वाट बघत बसलेला, पण चौथा सेल ३.७५ ला पोचला की बीएमएस दार लावून घेतो. तीन भाऊ जेवतायत आणि चौथ्याचं पोट भरलं म्हणून पंगतच उठवली! म्हणजे शनिवारी मी १०० वर रिसेट मारला तेव्हा बाकीचे तीन भरलेच नव्हते.

आधी वाटलं नट ढिला असेल. सांध्यात रोध असेल तर चार्जिंगमधे त्या सेलचं व्होल्टेज फुगून दिसतं. पण तसं असतं तर पॅनेल काढताच आकडा झटक्यात खाली आला असता. हा सावकाश उतरत होता, मिनिटभराने ३.५२. सांध्यावर टोकं टेकवली तर जेमतेम एक मिलिव्होल्ट. म्हणजे चौथा सेल खरंच पुढे होता. जोडण्याआधी चारही सेल समांतर लावून ३.६५ पर्यंत सारखे भरायचे असतात. ते मी गेल्या वर्षी "नंतर बघू" म्हणून सोडलं होतं.

बीएमएस बॅलन्स करतो म्हणे, म्हणजे पुढे गेलेला सेल उतरवून सगळे सारखे करतो, पण माझा करतो ५० मिलिअँपिअरने आणि तेही सेलचं व्होल्टेज वर असताना दहा-पंधरा मिनिटं. त्या वेगाने गौरी-गणपती आले असते. म्हणून जुन्या स्कूटरचा हेडलाइटचा बल्ब काढला आणि एकट्या चौथ्या सेलवर लावला. १२ व्होल्टचा बल्ब ३.३ व्होल्टवर नुसता लाल होतो, पण २.१ अँपिअर ओढतो. तीन तास ठेवला. सहा एएच आणि थोडे. माझे हरवलेले सात जवळपास सापडले, उरलेला एक माफ.

(हे करताना आधी पॅनेल सोडवा, मग बॅटरी. मागे मी उलट केलं, पॅनेलचं वीस व्होल्ट सरळ पुढे गेलं आणि देवघरातला बल्ब गेला. सासूबाईंनी तो अपशकुन मानला, मी खुलासा केला नाही.)

कंट्रोलरही १४.४ वरून १४.२ वर आणला. रविवारी दुपारी पहिल्यांदा चार्जिंग शेवटपर्यंत गेलं: ३.५४, ३.५५, ३.५५, ३.५७. करंट आपसूक उतरत अर्ध्या अँपिअरवर आला, बीएमएसने काही तोडलं नाही, आणि तेव्हाच मी रिसेट दाबला.

काल रात्री पुन्हा वीज नव्हती. पहाटे साडेपाचला मीटर ६४, पंखा चालू, सासूबाई गाढ झोपलेल्या. आता राउटरसकट सगळं काढलं तरी मीटर ०.०३ दाखवतो. कंट्रोलर स्वतःसाठी खात असेल. गणपतीनंतर बघेन.